घाटाखालचं बंदर आणि पंचेचाळीस हजार संगणक

२७ जून २०१७, मंगळवार. संध्याकाळी न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात बातमी पसरली, की जीटीआयची सिस्टिम बसली. जीटीआय म्हणजे गेटवे टर्मिनल्स इंडिया. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स आणि आपल्या रेल्वेची कॉनकॉर यांच्या भागीदारीतलं हे टर्मिनल. वीस फुटी मापाने वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची त्याची तेव्हाची क्षमता. क्रेन शाबूत होत्या, माणसं कामावर होती, जहाजं ठरल्याप्रमाणे येत होती. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय आणि कुठल्या जहाजावर चढायचाय, हे सांगणारं मात्र कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीत केंद्र सरकारला यावर निवेदन काढावं लागलं. टर्मिनलचं काम हाताने चालवायची वेळ आली. माल तुंबणार हे धरून चालून बंदर प्रशासन आसपास कंटेनर उभे करायला जादा जागा शोधू लागलं.

बंदरात माल तुंबला की त्याची शेपटी घाट चढून मावळात येते. चाकण-तळेगावच्या कारखान्यांतून निर्यातीचा कंटेनर निघतो तो लोणावळा-खंडाळा करत बोरघाट उतरतो आणि खालापूर, पळस्पे, करळ फाटा अशा वाटेने न्हावा शेव्याला पोचतो. वाट जुनीच आहे. कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव कोरलेलं आहे, खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं आहेत. कोकणातली बंदरं आणि देशावरच्या बाजारपेठा यांच्यातला व्यापार याच घाटवाटांनी चालायचा. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात घाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये रेल्वे आली. खंडाळ्याजवळ गाडीचं तोंड फिरवून चढण चढायची तिची जुनी तऱ्हा १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर संपली. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. दर वेळी घाट थोडा सोपा झाला आणि वरचे कारखाने खालच्या बंदरावर आणखी विसंबले. २०१७ पर्यंत हे अवलंबित्व इतकं वाढलं होतं, की युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेली भानगड थेट न्हावा शेव्याच्या फाटकावर येऊन आदळली.

त्या आठवड्यात जगभर जे मोडलं आणि मग दहा दिवसांत जे उभं राहिलं, ते समजायचं तर एका फारशा न दिसणाऱ्या कामाचा इतिहास पाहावा लागतो. ते काम म्हणजे शेकडो-हजारो संगणकांवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकणं.

*

संगणक विकत घेतला की तो लगेच कामाला लागत नाही. त्यावर आधी ऑपरेटिंग सिस्टिम चढवावी लागते, मग ड्रायव्हर, मग कार्यालयाची सॉफ्टवेअरं, मग नाव, पत्ता आणि परवाने. एका यंत्राचं हे काम असेल तर कुणी कुरकुर करत नाही. १९९५ मध्ये आलेली विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतली तर तिच्या १३ फ्लॉप्या असत. एक घालायची, पट्टी सरकेपर्यंत थांबायचं, पुढची घालायची. अकरावीत खराब सेक्टर निघाला की पुन्हा पहिल्यापासून. मग परवान्याचा क्रमांक, टाइम झोन, प्रिंटर. वीस यंत्रांची लॅब असली की हेच वीस वेळा, आणि विसावं यंत्र पहिल्यासारखं होईलच याची खात्री नाही. कुठे फाँट राहून जायचा, कुठे नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर.

आपल्याकडे मोठ्या संस्थांत संगणक यावा की नाही, हाच आधी वादाचा विषय होता. बँकांमधल्या यांत्रिकीकरणाबाबत १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला आणि १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने संगणकीकरणाचा आराखडा दिला. नोकऱ्या जातील का, हा त्या चर्चेचा गाभा होता. आलेली यंत्रं एकसारखी कशी ठेवायची, हा प्रश्न तेव्हा फारसा पुढे आला नव्हता. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत शाखा संगणकांनी भरल्या तेव्हा तो अंगावर आला. मुंबईतल्या मुख्यालयाने एक बदल ठरवला, तर तो गडचिरोलीच्या शाखेतल्या टेबलापर्यंत न्यायचा कुणी? सुरुवातीला उत्तर एकच होतं: इंजिनिअर, एसटी आणि सीडीचं पाकीट.

उपाय सापडला तो वेगळ्याच अडचणीतून. ऐंशीच्या दशकात विद्यापीठांत डिस्क नसलेले संगणक होते. त्यांना चालू झाल्याबरोबर नेटवर्कवरूनच आपली ओळख आणि सुरुवातीचा प्रोग्रॅम मिळवावा लागे. फाइल पाठवण्याची अगदी साधी पद्धत, टीएफटीपी, १९८१ मध्ये कॅरेन सॉलिन्स यांनी लिहून काढली होती. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा नियम मांडला: यंत्राने ओरडून विचारायचं, मी कोण, आणि सर्व्हरने त्याला पत्ता आणि फाइलचं नाव सांगायचं. १९९३ मध्ये त्यातूनच डीएचसीपी आलं, जे आज आपल्या घरच्या वायफाय राउटरमध्येही चालतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंटेलने हे सगळं नेटवर्क कार्डात बसवलं आणि त्याला पीएक्सई हे नाव मिळालं. आता डिस्क कोरी असली तरी संगणक नेटवर्कवरून जागा होऊ शकत होता.

नव्या यंत्राची पेटी उघडून केबल जोडायची, चालू करताना एफ-१२ दाबायचं. काळ्या पडद्यावर कार्डाचा बारा आकडी-अक्षरी मॅक पत्ता उमटतो, मग तीन-चार ठिपके सरकतात. सर्व्हरचं उत्तर आलं की पत्ता दिसतो आणि फाइल उतरू लागते. उत्तर अपुरं निघालं तर 'पीएक्सई-ई५३' हा निरोप येतो: बूट करायच्या फाइलचं नावच मिळालं नाही. या एका ओळीने किती इंजिनिअरांच्या रात्री खाल्ल्या, त्याची गणती नाही. सगळं जुळून आलं तर मात्र पुढे माणसाचं काम नाही. डिस्कचे भाग किती, भाषा कुठली, पासवर्ड कुठला, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. सन कंपनीने आपल्या सोलॅरिससाठी याला जंपस्टार्ट म्हटलं, रेड हॅटने लिनक्ससाठी किकस्टार्ट. जर्मनीत कोलोन विद्यापीठाच्या थॉमस लांगे यांनी याच कामासाठी एफएआय हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर स्वतःची सोय दिली.

दुसरी शाखा नक्कल करणाऱ्यांची. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझर्ड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला घोस्ट लिहिलं. १९९८ मध्ये ते सिमँटेकने विकत घेतलं. एक संगणक नीट सजवायचा, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा काढायची आणि ती बाकी सगळ्यांवर ओतायची. नेटवर्कवर एकच प्रवाह सोडला की सगळी लॅब तो एकाच वेळी पिते. आपल्याकडे याची कॉलेजांनी आणि सायबर कॅफेवाल्यांनी झपाट्याने सवय लावून घेतली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं, एमएस-सीआयटीची केंद्रं तालुक्यापासून बाजारच्या गावापर्यंत निघाली, आणि प्रत्येक केंद्राला ओळखीचा एक हार्डवेअरवाला लागला. यंत्र रुसलं की तो येणार, फॉरमॅट मारणार, घोस्ट मारणार, चहा पिऊन जाणार. मोठी कंपनी सर्व्हर लावून जे करत होती, तेच तो खिशातल्या सीडीवरून करत होता.

नकलेतही एक मेख होती. विंडोजचं प्रत्येक यंत्र स्वतःचा एक ओळखक्रमांक जपतं, एसआयडी. नक्कल केली की तोही नकलला जातो. मायक्रोसॉफ्टने सिसप्रेप नावाचं साधन दिलं, नकलेपूर्वी यंत्राची ओळख पुसणारं. मार्क रुसिनोविच या नामांकित प्रोग्रॅमरने क्रमांक बदलून देणारं न्यूएसआयडी दिलं आणि जगभरच्या प्रशासकांनी ते वर्षानुवर्षं चालवलं. २००९ मध्ये रुसिनोविचनेच जाहीर केलं, की खोलात जाऊन पाहिलं तर या सारखेपणाने व्यवहारात काही बिघडत नाही, आणि ते मागे घेतलं. त्याचंच आणखी एक साधन मात्र टिकून राहिलं: दूरच्या संगणकावर बसल्या जागेवरून आदेश चालवणारं पीएसएक्झेक. त्याचा संबंध पुढे येतो.

*

२०१७ पर्यंत जगातल्या बहुतेक मोठ्या संस्थांचं घर असं लागलेलं होतं. सगळे संगणक एकाच साच्यातले, एका केंद्रीय यादीत नोंदलेले, एकाच ठिकाणाहून हलणारे. ती यादी म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरी: कोण कर्मचारी, कोणतं यंत्र, कुणाला कशाची मुभा. ती सांभाळणारे सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. मर्स्ककडे असे सुमारे १५० होते, जगभर विखुरलेले, एकमेकांची नोंद सतत जुळवून घेणारे. एक गेला तर दुसरा आहे, हा त्यामागचा हिशेब.

इशारा आधी मिळाला होता. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेचं विंडोज फोडणारं हत्यार चोरीला जाऊन एप्रिलमध्ये उघड झालं होतं. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. तरी १२ मे रोजी त्याच हत्याराच्या जोरावर वॉनाक्राय हा खंडणी मागणारा प्रोग्रॅम सुटला आणि महाराष्ट्र पोलिसांच्या काही संगणकांपर्यंतही पोचला. ज्यांनी दुरुस्ती टाकली होती ते वाचले आणि निर्धास्त झाले.

जूनमधला हल्ला वेगळा होता. पुढे नॉटपेट्या म्हणून ओळखला गेलेला हा प्रोग्रॅम युक्रेनमध्ये हिशेब आणि करासाठी वापरल्या जाणाऱ्या एमईडॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आत शिरला. अपडेट म्हणजे विश्वासाने, आपोआप उतरणारी गोष्ट. आत आल्यावर तो संगणकाच्या मेमरीतून प्रशासकाचा पासवर्ड उचलायचा आणि त्याच्या जोरावर शेजारच्या यंत्रावर आदेश चालवायचा. तो आदेश चालवायला त्याने काय वापरलं? विंडोजमध्येच असलेलं डब्ल्यूएमआय, आणि रुसिनोविचचं पीएसएक्झेक. ज्या वाटेने प्रशासक सकाळी सॉफ्टवेअर पाठवत होते, त्याच वाटेने, त्यांच्याच किल्लीने, तो फिरला. म्हणून दुरुस्ती टाकलेली यंत्रंही त्याच्यापुढे टिकली नाहीत.

पडद्यावर दिसायचं ते असं: यंत्र स्वतःहून बंद होऊन चालू व्हायचं, 'सी ड्राइव्ह दुरुस्त होत आहे, वीज बंद करू नका' अशी भाबडी सूचना यायची. दुरुस्तीचं सोंग चालू असताना आत फाइलींची अनुक्रमणिका कुलूपबंद होत होती. मग काळ्यावर लाल अक्षरं: ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. पैसे भरूनही काही परत मिळणार नव्हतं. तशी सोयच त्यात ठेवलेली नव्हती. पुढे अमेरिका आणि ब्रिटनने याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला, आणि एकूण नुकसानीचा अमेरिकी सरकारचा अंदाज १० अब्ज डॉलरच्या घरातला होता.

मर्स्कच्या कोपनहेगनमधल्या मुख्यालयात माणसं मजल्यामजल्यावर धावत यंत्रांच्या वायरी उपटत होती. समूहाच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ ठप्प झाली. न्यू जर्सी, रॉटरडॅम, आणि आपलं न्हावा शेवा. फाटकावर याचा अर्थ काय होतो, ते बंदराशी काम पडलेल्याला सांगायला नको. ट्रेलर फाटकावर येतो, ड्रायव्हर आत सोडण्याचा कागद, फॉर्म १३, दाखवतो. चार अक्षरं आणि सात आकडे असा कंटेनरचा क्रमांक सिस्टिमवर पडतो, शेवटचा आकडा आधीच्या दहांचा ताळा असतो. सिस्टिम सांगते: अमुक ब्लॉक, अमुक रांग, इतक्या उंचीवर. यार्डातली क्रेन त्याप्रमाणे उचलते. सिस्टिम गेली की हजारो पेट्यांच्या राशीत हवी ती पेटी कुठे आहे, हे क्लिपबोर्ड घेऊन फिरणाऱ्या माणसाने शोधायचं. हाताने काम होतं. त्याला वेळ मात्र कित्येक पट लागतो, आणि मागची रांग थांबत नाही.

*

सगळं पुन्हा उभं करायचा तळ इंग्लंडमधल्या मेडनहेड या गावी पडला. चारशेच्या आसपास मर्स्कची आणि दोनशेपर्यंत डेलॉइट या सल्लागार कंपनीची माणसं तिथे रात्रंदिवस बसली. आसपासच्या दुकानांतले लॅपटॉप आणि वायफायची उपकरणं ढिगाने उचलली गेली, कारण कंपनीच्या कुठल्याही जुन्या यंत्राला हात लावायची सोय नव्हती.

सर्व्हरांच्या मागच्या काही दिवसांच्या प्रती होत्या. त्या कुणाच्या ओळखीवर उघडायच्या, ही यादी मात्र कुठेच नव्हती. दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत होते. सगळे एकदमच गेले. शोधाशोध करता घानातल्या कार्यालयात एक सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कपासून तुटला आणि वाचला. आपल्याकडे भारनियमनाला शिव्या घालण्यात पिढ्या गेल्या. त्या दिवशी जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपनीचा जीव भारनियमनासारख्याच एका खंडाने वाचवला. इंटरनेटवरून तो डेटा पाठवायला दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. तेव्हा त्याने हार्ड डिस्क नायजेरियाच्या विमानतळापर्यंत नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती दिली आणि ती लंडनला पोचली.

मग प्रत्यक्ष यंत्रं. नेटवर्कवरून सगळं आपोआप टाकायची व्यवस्था त्या नेटवर्कबरोबरच मेली होती. कोपनहेगनच्या मुख्यालयात तळमजल्याखालच्या कँटीनमध्ये जेवणाच्या टेबलांवर एका वेळी वीस-वीस लॅपटॉप मांडले गेले. हेल्पडेस्कची माणसं डझनांनी भरलेले पेन ड्राइव्ह घेऊन रांगेतून फिरत, एकेक खुपसत, समोर येणाऱ्या प्रश्नांवर क्लिक करत, तासन्‌तास. तीस वर्षांच्या स्वयंचलनानंतर जगातली एक अवाढव्य कंपनी पुन्हा आपल्या एमएस-सीआयटी केंद्रातल्या हार्डवेअरवाल्याच्या जागी येऊन उभी होती. फरक इतकाच, की पेन ड्राइव्हमध्ये काय असावं हे आधी ठरलेलं होतं.

पुढच्या जानेवारीत दावोसमध्ये मर्स्कचे अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी आकडे सांगितले: ४,००० सर्व्हर, ४५,००० पीसी, २,५०० ॲप्लिकेशन, सगळं नव्याने, १० दिवसांत. एरवी याला सहा महिने लागले असते, असंही ते म्हणाले. एका यंत्राला एक तास धरला आणि एका माणसाने रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता काम केलं, तर फक्त पीसींनाच पंधरा वर्षं लागतील. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या दरम्यान गेलं.

*

या घटनेनंतर पाहावं तर अनेक यंत्रं एकदम सांभाळायची तयारी आधीच हवी, हा धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागलेला दिसतो. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांसाठी तारखा ठरवून द्याव्या लागल्या: मदत बंद झालेल्या विंडोजवर चालणारी एटीएम टप्प्याटप्प्याने नव्या सिस्टिमवर आणा, जून २०१९ पर्यंत शंभर टक्के. विंडोज एक्सपीची मदत एप्रिल २०१४ मध्येच संपली होती. बँकांनी ती बदलली नव्हती, कारण एटीएम हा पेटीतला संगणकच आहे आणि त्याच्यापर्यंत कुणीतरी जावं लागतं. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपोआप सुटली आणि ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तोवर ८५ लाख संगणक निळे पडले होते. पाठवायला एक कळ पुरली. काढायला मात्र बहुतेक ठिकाणी माणसाने यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल पुसावी लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस छोट्या बँकांना सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडकले.

या सगळ्यावरून यंत्रांची कामं पुन्हा हाताने करावीत, असा निष्कर्ष काढणं खुळेपणाचं होईल. पंचेचाळीस हजार यंत्रं दहा दिवसांत उभी राहिली ती साचा तयार होता म्हणून. हाताची मेहनत फक्त साचा पोचवण्यापुरती होती. मर्स्कची चूक स्वयंचलनात नव्हती. सगळी ओळख, तिच्या सगळ्या प्रती आणि सगळ्या वाटा एकाच जाळ्यात अडकवून ठेवण्यात होती. जाळ्याबाहेर ठेवलेली एक प्रत तिने स्वतःहून राखली नव्हती. घानातल्या वीज मंडळाने ती योगायोगाने राखून दिली.

मावळातली पतसंस्था असो, लोणावळ्यातलं हॉटेल असो की तळेगावचा कारखाना, प्रश्न आता सगळ्यांनाच लागू आहे. तुमच्या कार्यालयात संगणक सांभाळणाऱ्याला एकदा विचारा: उद्या सकाळी इथली सगळी यंत्रं कोरी झाली, तर ती पुन्हा कामाला लागायला किती दिवस लागतील? त्याच्याकडे आकडा असेल, तर तो कागदावर घ्या. साच्याची आणि पासवर्डांच्या यादीची एक प्रत नेटवर्कपासून तोडून कुलपात ठेवा, आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून एक तरी यंत्र खरोखर उभं करून पाहा. त्याच्याकडे आकडाच नसेल, तर याच आठवड्यात त्याला एक कोरा संगणक आणि एक दिवस द्या.